जुन्या पेठेतलं दुकान: तीन दारं ठेवावीत की एकसंध काच?
(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा
पणजीच्या संवर्धन क्षेत्रातली दुमजली इमारत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. भिंत चिऱ्याची (जांभ्या दगडाची), गिलाव्यासकट ५५० मिमी. रस्त्याकडे तीन दारं, प्रत्येक १.२ मीटर रुंद, वर उथळ कमान. दोन दारांच्या मध्ये ७०० मिमीचा खांब, असे दोन खांब. डाव्या आणि मधल्या दाराला जुनी सागवानी घडीची झडपं आहेत. मधल्याची चौकट तळाशी कुजली आहे, डावीला वाळवी लागली आहे. उजव्या दाराला कधीतरी रोलिंग शटर बसवलं, त्याच्या पेटीने कमान पार झाकून टाकली आहे.

पसरकाराला (दुकानदाराला) तिथे कपड्यांचं दुकान थाटायचं आहे. त्याची मागणी अशी की दोन्ही खांब काढून पाच मीटरची एकसंध काच लावावी, कारण आतला माल रस्त्यावरून दिसत नाही. ही अडचण खरी आहे, ती उडवून लावता येणार नाही. खांब काढणं कितपत शक्य आहे? नुसती दारं बदलायला परवानगी लागते का? आणि लाकूड नवं घालायचं की जुनंच दुरुस्त करायचं?

कौलारू
खांब काढू नका. बाकी सगळ्यावर बोलता येईल.

चिरेबंदी
कौलारूंच्या वाक्यामागचा हिशेब मांडतो. कमानीच्या वर, वरच्या मजल्याची भिंत धरून, साधारण चार मीटर उंचीचं बांधकाम असणार. ५ मी. लांब, ४ मी. उंच, ०.५५ मी. जाड म्हणजे ११ घनमीटर. वरच्या तीन खिडक्यांची मोकळी जागा वजा केली तर पावणेआठ उरतात. चिरा घनमीटरला सुमारे दोन टन. म्हणजे निव्वळ भिंत पंधरा टन, शिवाय तुळया, फळ्या, वासे आणि कौलं वेगळी. वीस टन धरून चला. आज हा भार दोन खांब आणि दोन कडा मिळून घेतात. खांब गेले की लोखंडी तुळईच्या प्रत्येक टोकाखाली दहा टन येतात, आणि तेही एखाद्या चिऱ्याएवढ्या जागेवर.

आयएस ३६२० या भारतीय मानकात चिऱ्याची किमान ताकद चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन दिली आहे, पण ती सुट्या चिऱ्याची. चुन्यात बांधलेल्या, शंभर पावसाळे प्यालेल्या भिंतीची ताकद त्याहून पुष्कळ कमी. टोकाखालचा चिरा लगेच फुटत नाही. आधी भुगा होऊन पाच-सात मिलिमीटर बसतो, आणि तडा जातो तो वरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका. लोक मग तिथे सिमेंट भरतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

आणखी एक गोष्ट. हे खांब आडव्या धक्क्यालाही भिंत ताठ ठेवतात. ते काढले की खालचा मजला रस्त्याच्या बाजूने उघडा पडतो. तुळई कितीही जाड घातली तरी हा दोष भरून निघत नाही.

नवापेठ
थोडा विरोध नोंदवतो. वरून टेकू देऊन, टप्प्याटप्प्याने तुळई सरकवून खांब काढणं हे तंत्र जगभर वापरतात. टोकांखाली काँक्रीटचा पाट घातला, भार पसरवला, तर चिरेबंदींची मुख्य हरकत मिटते. धंदा चालला नाही तर इमारत रिकामी पडेल, आणि रिकाम्या इमारतीचं छप्पर दोन पावसाळ्यांत गळायला लागतं. अशा वेळी संवर्धन कुणाचं करायचं?

चिरेबंदी
नवापेठबाब, तंत्र आहे, मान्य. पाट घालायचा तर कडेच्या भिंतीत खालून पायापर्यंत नवा खांबच उभारावा लागेल, कारण चिऱ्याच्या पायालाही तो एकवटलेला भार नवीनच असतो. खर्च काचेच्या कितीतरी पट होईल. आणि एवढं करून मिळतं काय? दीड मीटरपेक्षाही कमी जास्तीची काच. धंद्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे. दिसण्याची अडचण खांबांमुळे आहे की आणखी कशामुळे, ते आधी तपासायला हवं.

मांडवीकाठ
परवानगीबद्दल. गोव्यात बांधकामाची नियमावली २०१० ची, जमीन विकास आणि बांधकाम विनियम. त्यात संवर्धन क्षेत्रातल्या कामांसाठी संवर्धन समितीची तरतूद आहे. पणजीतल्या फोंतेन्यश, सांतोमेसारख्या भागात बाहेरून दिसणारी बाजू बदलणार असाल तर "नुसती दारं" असं काही नसतं. दाराची रुंदी, साहित्य, शटर, फलक, छपरी, एसीचा डबा, सगळं दर्शनी बाजूतच मोडतं. नियोजन प्राधिकरण आणि महापालिका दोन्हीकडे आधी विचारा, लेखी विचारा. काम सुरू करून मग विचारलं की सगळंच अवघड होतं.

अर्जाबरोबर द्यायच्या वस्तू: आहे त्या स्थितीची दर्शनी बाजू १:५० मध्ये, पाडलेल्या आणि नव्या भागांना वेगळा रंग. उभा छेद १:२०. चौकटीचा सांधा आणि झडपेची कड १:५. शेजारच्या दोन्ही इमारतींसकट समोरून फोटो, त्यात मोजपट्टी धरलेली. हा शेजाऱ्यांचा फोटो लोक विसरतात. समितीला सगळ्यात आधी हेच बघायचं असतं की दारांची ओळ आणि कमानींची उंची शेजाऱ्यांशी जुळते की नाही. जुना फोटो मिळाला तर अर्ध काम झालं. पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि पुराभिलेख खातं, दोन्हीकडे शोधा.

सोपो
दुकान भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती सगळ्यात आधी. आणि मालक म्हणजे एक माणूस नव्हे. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, त्यात वारसांची वाटणी झाली नसेल तर सही करणारे पाच-सहा निघतात, त्यातले दोघे परदेशात. नकाशे काढायच्या आधी हे कागद लावा, नाहीतर ऑक्टोबरचं काम मार्चवर जातं.

मांडवीकाठ
सोपोंना पूर्ण अनुमोदन. अर्ज इथेच सगळ्यात जास्त अडकतात.

रंधा
लाकडाकडे येतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दुरुस्त करा, आणि जिथे लाकूड उरलंच नाही तिथेच नवं घाला.

आधी टोचून बघा. जाड दाभण हाताच्या जोरावर सागात दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जात नसेल तर ते लाकूड चांगलं आहे, वरून कितीही काळं दिसो. कुजलेला भाग संपला की त्याच्या वर आणखी ७५ ते १०० मिमी कापा. चौकटीच्या उभ्या खांबाला तिरका सांधा द्या, लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान तिप्पट. ७५ मिमी जाडीला २२५. उतार बाहेरच्या बाजूला खाली हवा, म्हणजे सांध्यात शिरलेलं पाणी बाहेर येतं. उलटा दिला तर पाणी आत साठतं आणि पाच वर्षांत तोच भाग पुन्हा काढावा लागतो. खिळा लावू नका, सागाच्याच खुंट्या किंवा पितळी स्क्रू. ओल्या लाकडात लोखंड गंजतं, भोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं, मग सांध्यातून स्क्रू हातानेही निघतो.

नवं लाकूड घेताना ओलावा मीटरने मोजा. १२ ते १४ टक्के हवा. पावसाळ्यात तो वाढणारच, म्हणून ३०० मिमीच्या झडपेला कडेने ३ मिमी फट सोडा. एप्रिलमध्ये घट्ट बसवलेली झडप जुलैत उघडत नाही, मग कुणीतरी रंधा मारतो, आणि जानेवारीत तिथून उजेड दिसतो.

वाळवीला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण, लाकूड रंगवण्याआधी, कापलेल्या टोकांना तीन वेळा. चौकटीचे जे कान भिंतीत जातात त्यांना काजूच्या टरफलाचं तेल. आपल्याकडे होड्यांना लावतात तेच. हातमोजे घाला, कातडी भाजते. आणि चौकटीचा पाय सिमेंटच्या कोब्यात पुरू नका. तुमच्या मधल्या दाराची चौकट त्यामुळेच कुजली असणार. जमीन उंच करताना कोबा चौकटीला टेकवला की लाकूड बारा महिने ओलं. पाय दगडाच्या तुकड्यावर ५० मिमी उंच घ्या.

शुभ्र
रंधाबाब, एक भर. जुना रंग खरवडताना कोरडा पॉलिशपेपर किंवा ज्योत वापरू नका. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. ओलं करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा. आणि सगळं खरवडायच्या आधी चौकटीच्या आडोशाच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पायऱ्या पाडत थर मोकळे करा. मूळ रंग तिथेच सापडतो. बाहेरच्या बाजूला तो उन्हाने पार बदललेला असतो.

घडणावळ
एक तात्त्विक पण कामाचा प्रश्न. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची जुन्या इमारतींच्या पुनर्वापराची दहा मानकं आहेत. त्यात दुरुस्ती आधी, बदली शेवटी. बदललाच तर तो भाग जुन्याशी आकार, रंग, पोत यांत जुळावा. पण जी भर नव्याने पडते ती जुन्यापासून ओळखू यावी, आणि पुढे काढून टाकता यावी. जुन्या दुकानांच्या दर्शनी बाजूंवर त्यांनी १९८२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिकाही काढली. मग उजव्या दाराला, जिथे जुनं काहीच उरलं नाही, तिथे शेजारच्या दोन दारांची हुबेहूब नक्कल करणं चूक ठरेल का?

चिरेबंदी
चूक नाही. तीन दारं एकाच वेळची आणि एकाच मापाची आहेत, दोन शाबूत आहेत. तिसऱ्याला याहून चांगला पुरावा कुठला हवा? अंदाजाने नक्षी रचणं वेगळं.

शिवाय आपल्याकडे इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची २००४ ची सनद आहे, ती कारागिरीची परंपरा चालू ठेवणं हेही संवर्धनच मानते, जीर्णोद्धाराला जागा देते. मेस्त (सुतार) अजून तीच झडप त्याच पद्धतीने बनवू शकतो, तर त्याला मुद्दाम वेगळं काही बनवायला लावू नये. नव्या लाकडाच्या आतल्या, झाकलेल्या बाजूला पटाशीने साल कोरून ठेवा. पुढच्या माणसाला कळतं, रस्त्यावरून दिसत नाही.

त्या मार्गदर्शिकेबद्दल इतकंच की तिच्यातलं दुकान वेगळं आहे. खाली लाकडी किंवा लोखंडी पट्टा, त्यावर मोठी काच, वर छोट्या काचांची ओळ, मधे आत घेतलेलं दार, बाजूला ओतीव लोखंडाचे खांब. आपलं जुनं दुकान म्हणजे भिंत आणि भिंतीतली दारांची ओळ. काचेची बाजू तिथे कधी नव्हतीच. त्यांची पद्धत घ्यावी, त्यांचे भाग आपल्या भिंतीत शोधू नयेत.

कार्पां
कमानीखालच्या जागेत शिंपल्यांची जाळी (काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेली) लावली तर? वरच्या खिडक्यांना असेल तर जुळेल.

शुभ्र
कार्पांबाय, खाली मुळात होती का ते आधी बघा. नसेल तर नको, तो खोटा जुनेपणा होईल. असेल तर जुन्या मोडक्या खिडक्यांतले शिंपले गोळा करूनच. ती काचशिंपली वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, नव्याने काढलेले शिंपले घेऊ नका. जुना शिंपला बसवताना आधी कोमट पाण्यात मऊ ब्रश, ॲसिड अजिबात नाही, विरघळतो. लाकडी पट्टीच्या खाचेत सरकवायचा, डिंक किंवा सिलिकॉन लावायचं नाही.

पारदर्शी
काचेचा हिशेब. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. १२ मिमीची ५ बाय २.४ मीटर म्हणजे ३६० किलो, आणि ती एका तुकड्यात आणणं, उभी करणं त्या गल्लीत जमणारच नाही. म्हणजे "एकसंध" नावाची काच शेवटी तीन-चार तुकड्यांची होणार आणि सांधे दिसणार. उलट एकेका दारातली काच १.०५ बाय २.२ मीटर, ५ अधिक ५ लॅमिनेटेड (मधे पातळ थर घालून चिकटवलेल्या दोन काचा), तर ५८ किलो. दोन माणसं उचलतात.

लॅमिनेटेड घ्या, नुसती टफन (तापवून कडक केलेली) नको. टफन फुटली की क्षणात खाली पडते आणि रात्री दुकान उघडं. लॅमिनेटेड तडकली तरी जागेवर राहते, आणि मधला थर अतिनील किरण अडवतो, म्हणजे कापडाचा रंग कमी उडतो. टफन काच नंतर कापता येत नाही, म्हणून दार टफन करणार असाल तर चौकट बसवून झाल्यावर प्लायचा साचा काढूनच माप द्या. जुन्या दारांचे कर्ण १५-२० मिमी सहज वेगळे निघतात.

काचेखाली दोन रबरी ठोकळे, दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर, कडेने ४ मिमी मोकळी जागा. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं चुन्याला आणि पितळेला खातं.

मुरवण
शटर काढल्यावर उजव्या कमानीचं काय होईल ते सांगतो. पेटीचे ब्रॅकेट भिंतीत फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टांनी ठोकलेले असणार. ते उपटू नका, चिऱ्याची कड घेऊन येतात. डोकं कापा, भोवती बारीक भोकं पाडून सैल करा, मग काढा. गाईड चॅनेलच्या (शटर ज्यात सरकतं त्या कडेच्या पट्ट्यांच्या) मागे सिमेंट असेल, ते छिन्नीने सांध्यापासून सोडवा, हातोडीने चिऱ्यावरून नाही.

भोकं आणि कडा चुन्याने भरायच्या. सिमेंटचा गिलावा चिऱ्यावर का टिकत नाही हे दरवेळी सांगावं लागतं: चिरा पाणी पितो, ते बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटने वाट बंद केली की पाणी आणि त्याबरोबरचं मीठ चिऱ्यातच साठतं, मीठ कोरडं होताना फुगतं, आणि गिलावा पापुद्रा होऊन सुटतो, सोबत चिऱ्याचा पृष्ठभागही घेऊन. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली नदीची वाळू तीन भाग. समुद्राची वाळू चालणार नाही. एका थराला १० ते १२ मिमी, पहिला आवळला की दुसरा. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच चुना दगड होतो, त्याला वेळ लागतो, उन्हात एकदम वाळला तर भुकटी. ओलं गोणपाट लावून आठवडाभर दमट ठेवा. काम ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात लावलेला चुना जूनच्या सरीत धुऊन जातो.

वर चुन्याचा रंग, गेरू किंवा पिवळी माती चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. जास्त घातली की हाताला लागते. प्लास्टिक पेंट नको, तोही वाट बंद करतो.

नवापेठ
चर्चा वाचून खांबांचा हट्ट सोडतो. पण मूळ अडचण तशीच आहे. तीन दारांत काच घातली तर जुनी झडपं कुठे जाणार? ती आत उघडतात. काच आत, झडप आत, दोन्ही एका जागी कसं?

रंधा
चांगला प्रश्न, सगळं यावरच अवलंबून आहे. भिंत जाड आहे म्हणून जमतं. मापं बघा. भिंत ५५०, चौकट बाहेरच्या अंगाला १०० मिमी खोल. उरले ४५०. प्रत्येक बाजूला दोन-दोन झडपा, एकेक ३०० मिमी. बाहेरची झडप आतल्या झडपेवर घडी घालायची, मग ती जोडी काटकोनात वळवून भिंतीच्या जाडीत चिकटवायची. आत येते फक्त ३०० मिमी. कडीसाठी ४० सोडा. ३४० वर काचेची नवी लाकडी चौकट, ७५ मिमी खोल. बेरीज ४१५, ३५ मिमी शिल्लक.

घडीची जाडी ३८ अधिक ३८, कडी धरून ९० मिमी. दोन्ही बाजूंनी १८० गेले तर १.२ मीटरमधून १.०२ उरतात, चाकाच्या खुर्चीला पुरे. पण बऱ्याच जुन्या भिंतींत दाराची आतली बाजू फाकलेली असते. तुमच्याकडे तशी असेल तर घडी त्या फाकेत बसते आणि रुंदी जातच नाही. जाऊन मोजा.

पारदर्शी
रंधाबाबांच्या मापांत एक धोका. एसी चालू असताना पावसाळ्यात थंड काचेच्या बाहेरच्या बाजूला दव धरतं. दुकान बंद, झडपं बंद, मधल्या ३४० मिमीत हवा कोंडली तर पाणी खालच्या लाकडावर. काचेच्या चौकटीच्या तळपट्टीला बाहेर उतार, खाली ८ मिमीची पन्हळ कोरलेली, आणि कमानीत जाळी असेल तर ती उघडी ठेवा. तिथे काच घालायची झाली तर ती जाळीच्या मागे, नव्या चौकटीच्या रेषेत.

उंबरठा
आज मोजलं. डाव्या आणि मधल्या दाराची आतली बाजू फाकलेली आहे, दोन्हीकडे ११० मिमी. उजव्याची शटर बसवताना चिरे-सिमेंट भरून सरळ केली आहे. पसरकाराला रंधाबाबांचा छेद दाखवला. दोन दारांत न उघडणारी काच, मधल्यात काचेचं दार, रात्री जुनी झडपं. त्याला पटतंय, पण विचारतो की एवढ्या आत घेतलेल्या काचेतून माल आणखी कमी दिसेल ना?

पारदर्शी
उलट. माल दिसत नाही कारण बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. भिंतीच्या तोंडाशी लावलेली काच अशा वेळी आरसा होते, समोरची इमारत आणि उभ्या गाड्या दाखवते. काच ३४० मिमी आत, कमानीच्या सावलीत गेली की प्रतिबिंब बरंच कमी होतं. मग मालावर दिवा टाका, छतावर नाही. काचेपासून ६०० मिमी आत, कमानीच्या मागे लपलेली पट्टी, ३००० केल्विन (पिवळसर उजेड), कपड्यावर तिरका. काळं मागचं कापड लावू नका, तेही आरसा करतं. फिकट ठेवा.

मांडवीकाठ
फलक कमानीच्या वरच्या पट्ट्यातच. सुटी अक्षरं, सांध्यात खिळवलेली, चिऱ्यात नाही. पुढे नाव बदललं तर सांधा चुन्याने भरता येतो.

कौलारू
रस्त्याची पातळी विचारायची राहिली. डांबराचे थर चढत उंबरठा रस्त्याच्या खाली गेला आहे का?

उंबरठा
डाव्या टोकाला ४० मिमी खाली. पाणी शिरतं.

कौलारू
मग आतली जमीन उंच करू नका, चौकट पुन्हा पुरली जाईल. चौकटीच्या बाहेर दगडाच्या उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी उभी पितळी खाच बसवा. त्यात ४०० मिमी उंच फळी, तळाला आणि कडांना रबरी पट्टी, वरून दोन पाचरी. मोठी सर आली की घालायची, गेली की आत ठेवायची. खाच झडपेच्या रेषेच्या बाहेर घ्या, म्हणजे फळी लावलेली असतानाही दार मिटतं. खाच रंधाबाबांकडूनच पाडून घ्या, चौकट बसवण्याआधी.

रंधा
आधीच हवी, नंतर दगड तुटतो. उजव्या दाराची भरलेली फाक मोकळी केली की तिचं माप इथे टाका. त्या झडपांना बिजागरी कुठली ते त्यावर ठरेल.